दोन पायडलची गाडी

माझा धाकटा भाऊ दिलीप एक गोष्ट आयुष्यभर चुकीची सांगत आला आहे. लग्नाच्या पंगतीत सांगतो, दहाव्याला नदीवर सांगतो, प्रवासात गाडी पंक्चर झाली तर स्टेपनी बदलून होईपर्यंत सांगतो. यंदा उन्हाळ्यात त्याच्याच मुलीच्या हळदीला त्यानं ती पुन्हा काढली. नवे व्याही समोर बसलेले, आणि हा म्हणतो, “मी तवा एवढासा पोरगा. इंजिनाचा आवाज ऐकला अन् अण्णांना म्हणलं, ही गाडी घिऊ नका, हिच्या पोटात दुखतंय.” व्याह्यांनी मान डोलावली. मी पानातली बुंदी तशीच ठेवून उठले. माझा राग घरात सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे कोणी अडवलं नाही. भावजय मात्र मागून म्हणाली, “आक्का, आजच्या दिवस सोडा की.” मी सोडलं नाही. संगमनेरला परत येईपर्यंत गाडीत एकटीच बडबडत होते आणि घरी आल्यावर ठरवलं, की झालं ते आपणच लिहून ठेवायचं.

आमचं घर घोडेगावला, बाजारतळापासून हाकेच्या अंतरावर. शुक्रवारी पहाटे जाग यायची ती घुंगरांनी आणि ट्रकच्या फाळक्यांच्या आवाजानं. फाळका आपटला की एक ट्रक रिकामा झाला. आई चुलीपाशी बसून आवाजावरून अंदाज बांधायची, की आज बाजार भरणार का ढिला जाणार, आणि त्या हिशोबानं पीठ मळायची. अण्णा, म्हणजे आमचे वडील, बैलांचे दलाल. लांबून आलेले व्यापारी आमच्याच ओसरीवर जेवायचे. हुलग्याची शेंगोळी, बाजरीच्या भाकरी, आणि शेंगदाण्याचा म्हाद्या, तो इतका तिखट की पहिल्यांदा आलेला माणूस पाण्याचा तांब्या शोधत उठायचा आणि दुसऱ्या वेळी तोच मागून घ्यायचा. त्या ओसरीवर, भाकरी वाढता वाढता, मी सौदा करायला शिकले. आज माझ्या जुन्या गाड्यांच्या दुकानात गाडी घ्यायला येणारा माणूस तोंडानं काय बोलतो याकडे मी लक्ष देत नाही. तो चहा अर्धा ठेवतो की संपवतो हे बघते. हे शिकायला मला कोणत्याही कॉलेजात जावं लागलं नाही, आणि कोणी पाठवलंही नसतं.

बाजारात बैलाची किंमत तोंडानं बोलत नाहीत. घेणारा आणि विकणारा दोघं समोरासमोर उभे राहतात, हातांवर उपरणं टाकतात आणि त्याखाली बोटं धरून भाव ठरवतात. एक बोट धरलं म्हणजे एक, सगळा पंजा धरला म्हणजे पाच. शेजारी उभ्या असलेल्या माणसालाही आत काय चाललंय ते कळत नाही. नुसतं कापड हलताना दिसतं. अण्णांचं उपरणं पांढरं, लाल काठाचं. मी ते आठवड्याला धुवायची, पण त्याखाली माझा हात कधी गेला नव्हता. बाईनं उपरण्याखाली हात घालायचा नसतो. परक्या पुरुषाचा हात धरायचा म्हणजे काय, असं आई म्हणायची. मला ते पटायचं, राग मात्र यायचा.

बैल पारखायची अण्णांची रीत मी कुंपणाशी उभी राहून पाठ केली होती. एका गाडीची चाकं दोरानं आवळून बांधायची, म्हणजे ती जागची हलणार नाही. मग बैलाच्या जुवापासून त्या गाडीला साखळी लावायची आणि बैलाला हाक द्यायची. चांगला बैल मान खाली घालतो, खूर रोवतो आणि तसाच उभा राहतो. तो हलत नाही, पण सगळा जोर साखळीत आलेला असतो. लबाड विकणारे काय करायचे, तर ही परीक्षा पाण्याच्या टाकीशेजारी, चिखलात घ्यायचे. तिथं बैलाचे खूर सटासटा घसरतात, चिखल उडतो, बैल फुरफुरतो, आणि बघणाऱ्याला वाटतं, काय जनावर आहे. एकदा मीही तशी भुलले होते. तेव्हा अण्णा म्हणाले, “सुमे, पाय नको बघू. पाय कुनीबी हलवतं. साखळी बघ. ताठ झाली का?” साखळी जमिनीला टेकलेलीच होती.

मग मी सतरा वर्षांची झाले त्या वर्षी अण्णांचा पाय गेला. गेला म्हणजे तुटला नाही. ट्रकमध्ये बैल चढवताना एक खोंड बिथरला आणि त्यानं अण्णांना फाळक्याशी दाबलं. डावा गुडघा सांधला, पण वाकेना. घरात एक जुनी जीप होती. काष्टी, लोणी, सगळे बाजार अण्णा तीच हाकत करायचे. आता क्लच दाबता येईना. सुरुवातीला कोणी ना कोणी न्यायचं, मग नेणाऱ्यांच्या सोयीनं जावं लागायचं, मग नेणारे बोलावेनासे झाले. अण्णांची बसायची जागा ओसरीवरून खाटेवर आली. दलाल बाजारात दिसला नाही की त्याची जागा भरते. त्यांना तेच खात होतं, पण ते बोलायचे नाहीत. एकदाच आईला म्हणाले, “मला पोत्यावानी नेत्यात गं. उतरवायचं, ठिवायचं, पुन्हा भरायचं.” आईनं त्यांच्या ताटात म्हाद्या जरा जास्त वाढला.

कोणीतरी सांगितलं, की शिर्डीच्या एका हॉटेलवाल्या शेठकडे परदेशातून आणलेली गाडी विकायची आहे आणि तिला क्लचच नाही. दोनच पायडल, ब्रेक आणि ॲक्सिलेटर, दोन्ही उजव्या पायानं. अण्णा खाटेवर उठून बसले. दुसऱ्याच दिवशी आम्ही नगरला यासीन मिस्त्रींकडे गेलो. आम्ही म्हणजे अण्णा आणि मी. बसमध्ये चढताना त्यांना एका हाताला काठी आणि दुसऱ्या हाताला खांदा लागायचा, आणि घरात त्यांच्या उंचीचा खांदा माझाच होता.

यासीनचाचा आख्ख्या नगरमध्ये आपल्याएवढं कोणाला कळत नाही असं स्वतःच सांगायचे. त्यांनी दोन पत्र्याचे पंखे टेबलावर समोरासमोर ठेवले. एकच चालू केला. त्याच्या वाऱ्यानं दुसरा, बंद असलेला, आपोआप फिरू लागला. “बस, यही है,” ते म्हणाले. “इंजिनाला एक पंखा, गिअरला दुसरा. मधी हवेच्या जागी तेल. ह्याला टॉर्क कन्व्हर्टर म्हणत्यात. क्लच दाबायची गरज न्हाई. आता बघ.” त्यांनी दुसऱ्या पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवलं. पहिला फिरतच राहिला. “गाडीत ब्रेक गच्च दाबायचा, गिअर पुढं टाकायचा, अन् ॲक्सिलेटर पुरा द्यायचा. चाक धरलेलं, मंग हा पंखा अडला. तेलातून इंजिनालाबी अडवतो. इंजिन ठराविक आकड्यापोतर चढतं अन् तिथंच अडकतं. तो आकडा म्हंजे स्टॉल स्पीड. आन् मजा अशी, की गाडी एक इंच हलत न्हाई तवाच आत सगळ्यात जास्त जोर असतो.”

अण्णांनी विचारलं, “आकडा किती यायला पायजे?”

“त्या गाडीचा दोन हजाराच्या आसपास. लई खाली आला तर इंजिन थकलंय, न्हाईतर कन्व्हर्टरमधली मधली चकती गेली. लई वर गेला तर आत गिअर धरनाऱ्या प्लेटा घसरत्यात. आन् पाच सेकंदाच्या वर धरायचं न्हाई. तेल उकळतं.”

“तुमी चला की संगं.”

“माझ्या गॅरेजला कुलूप लावून? आकडा दिला ना तुमाला. तुमी दलाल हाय का कोन?”

अण्णा हसले, पण मला वाटतं त्यांचं निम्मं लक्ष त्या पंख्यांत नव्हतंच. ते मनातून काष्टीच्या रस्त्याला लागले होते. मी मात्र रात्री आईच्या दोन ताटल्या समोरासमोर धरून बसले होते. आई म्हणाली, “घासायच्या असतील तर घास, न्हाईतर ठिव.”

शिर्डीला जाताना दिलीपला घेतलं, कारण तो रडला. शेठ माणूस गोड होता. त्यानं आम्हाला मागच्या अंगणात खुर्च्या टाकून दिल्या, चहा दिला, दिलीपला पेढे दिले. गाडी मलईच्या रंगाची, लांबलचक. अण्णा आत बसले. डावा पाय सरळ लांब सोडला आणि त्याला करायला काहीच काम नव्हतं. त्यांनी गिअरचा दांडा मागे ओढला, ब्रेक सोडला, आणि गाडी आपणहून पुढं सरकली. अंगणात त्यांनी एक फेरी मारली, मग दुसरी, मग तिसरी. काचेतून मला त्यांचा चेहरा दिसत होता. पाय दुखावल्यापासून तो चेहरा मी पाहिला नव्हता. पुढच्या एवढ्या आयुष्यात मी कितीतरी लोकांना गाडीच्या प्रेमात पडताना पाहिलं आणि त्यावर पोट भरलं. घेणाऱ्याच्या तोंडावर तो भाव आला की मी किंमत खाली आणत नाही. त्या दिवशी तो भाव माझ्या बापाच्या तोंडावर होता आणि समोरचा शेठ तो वाचत होता.

अण्णांनी परीक्षेची आठवण ठेवली हे खरं. शेठचा ड्रायव्हर आत बसला, डाव्या पायानं ब्रेक दाबला, गिअर टाकला आणि ॲक्सिलेटर पुरा दिला. अंगणातली कबुतरं उडाली. इंजिन असं काही गरजलं की स्वयंपाकघरातले आचारी बाहेर आले. मी ड्रायव्हरच्या खिडकीशी होते. काटा दोन हजारांवर आला आणि थांबलाच नाही. अडीच झाला, त्याच्याही पुढं गेला. ड्रायव्हरनं पाय काढला. “बघा मालक, काय जोर हाय,” तो म्हणाला. आणि अण्णा, साऱ्या बाजाराला पारख शिकवणारे अण्णा, मान हलवत म्हणाले, “हाय बुवा. फुरफुरतंय कसं.”

खरं तर काटा नसता तरी दिसण्यासारखं होतं. एवढा आवाज झाला, पण गाडीचं अंग दबलं नाही. नाक उचललं नाही. बोनेटवर शेठनं ठेवलेल्या चहाच्या कपातला चहा नुसता थरथरला. चाकं धरलेली असताना इंजिन खरंच अडलं असतं, तर साखळीला ओढ लागल्यासारखी ती सगळी गाडी एका बाजूला कलायला हवी होती. इथं नुसता चिखल उडत होता. हे मला त्या क्षणी असंच, बैलाच्या भाषेत सुचलं. गाडीची भाषा मी नंतर शिकले.

तोवर अण्णांनी खांद्यावरचं उपरणं काढलं होतं. शेठ मूळचा व्यापारी घरातला, त्यानं हसत हात पुढं केला. कापड पडलं. आत बोटं हलायला लागली. सौदा चालू असताना मध्ये बोलायचं नसतं, पुरुषानंसुद्धा. मी सतरा वर्षांची मुलगी, परक्या अंगणात उभी. आणि ज्याच्यासाठी बोलायचं त्याच्या तोंडावरचं हसू माझ्या बोलण्यानं जाणार होतं, तेच हसू मला हवं होतं. गप्प राहिले असते तर गाडी घरी आली असती आणि महिन्यात कुठंतरी बाजाराच्या वाटेवर उभी राहिली असती, अण्णांना आत घेऊन.

मी म्हटलं, “अण्णा, साखळी बघितली का?”

“गप गं.”

“पाय बघू नका. साखळी ढिली हाय.”

शेठ म्हणाला, “पोरगी काय म्हनती? कुठली साखळी?”

अण्णांनी माझ्याकडं पाहिलं. माझा राग मला कोणाकडून आला हे त्या नजरेत दिसत होतं. मला वाटलं, आता सगळ्यांसमोर थोबाडीत बसणार. त्यांचा हात उपरण्याखालून हळूच बाहेर आला. ते ड्रायव्हरला म्हणाले, “पुन्हा एकदा कर. आवाज मला नको ऐकवू.” आणि काठी टेकत गाडीच्या समोरून बाजूला, चाकापाशी जाऊन उभे राहिले. इंजिन गरजलं. अण्णा आवाजाकडं कान न देता गाडीच्या अंगाकडं बघत राहिले, जसे बैलाच्या पाठीकडं बघायचे. मग वाकून त्यांनी गिअरच्या तेलात बुडवलेली मोजपट्टी काढायला लावली, वास घेतला आणि पट्टी माझ्या नाकाशी धरली. तळून तळून काळ्या पडलेल्या तेलाचा वास आला.

“आत प्लेटा घसरत्यात शेठ,” अण्णा म्हणाले. “गिअरबॉक्स खोलावा लागनार. तसं धरून बोला.”

शेठचा गोडवा गेला. “पोरीच्या सांगन्यावरनं भाव ठरवता काय? बरं दिसत न्हाई ते.” अण्णांनी उपरणं खांद्यावर टाकलं. राम राम झाला आणि आम्ही निघालो. फाटकापाशी अण्णांनी एकदा मागे वळून गाडीकडं पाहिलं. तेवढं मला पुरलं. बसस्टँडपर्यंत मी डोळे पुसत आले आणि त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता, म्हणून त्यांना ते कळत होतं.

स्टँडच्या बाकावर दिलीप पेढे खात होता. शेठच्या अंगणात त्यानं काय ऐकलं आणि काय नाही, देव जाणे. अण्णा बराच वेळ रस्त्याकडं बघत बसले. मग त्यांनी उपरणं काढलं, आमच्या दोघांच्या मध्ये पसरलं आणि म्हणाले, “घाल हात.”

मला कळेना.

“घाल. मोडकी हाय, दुरुस्ती धरून सांग. तू असतीस तर काय दिलं असतंस?”

मी हात घातला. त्यांचा पंजा कासऱ्यांनी घासून घासून लाकडासारखा झालेला. मी बोटं धरली. त्यांनी एक बोट सोडवून घेतलं, म्हणजे कमी कर. मी पुन्हा धरलं. त्यांनी पुन्हा सोडवलं. मी पुन्हा धरलं आणि सोडलं नाही. “हट्टी हायस,” ते म्हणाले. भाव ठरला.

नेवाशाची बस लागायच्या आत शेठचा ड्रायव्हर स्कूटरवर आला आणि म्हणाला, मालकांनी बोलावलंय. अण्णा परत गेले आणि जो भाव मी बोटांनी सांगितला होता त्यालाच गाडी घेतली. यासीनचाचांनी गिअरबॉक्स खोलला तेव्हा प्लेटा जळून काळ्या निघाल्या होत्या. त्या बदलल्यावर त्यांनी स्वतः ब्रेक दाबून बघितलं. काटा दोन हजारांशी येऊन अडला आणि सगळी गाडी अंग ताणून कलली. पुढच्या लोणीच्या बाजाराला अण्णा एकटे गेले, डावा पाय लांब सोडून. आई अंगणात उभी राहून गाडीचा आवाज संपेपर्यंत ऐकत होती, आणि मग म्हणाली, “गेले बाई.” मग आत जाऊन तिनं भाकरी टाकायला घेतल्या.

आता माझं गाऱ्हाणं. त्यानंतरच्या शुक्रवारी व्यापारी ओसरीवर जेवायला बसले. मी भाकरी वाढत होते. एकानं विचारलं, “अण्णा, गाडीचं दुखनं कुनी वळखलं म्हनं?” अण्णा ताटात बघत म्हणाले, “आमच्या दिलीपनं. पोरगं तयार हाय.” दिलीपला पाठीवर थाप मिळाली. माझ्या हातातली भाकरी तशीच राहिली. त्या वर्षी माझ्यासाठी स्थळं बघणं चालू होतं. भर सौद्यात तोंड घालणारी पोरगी कोण करणार, हे कारण मला तेव्हाही कळत होतं. कळलं म्हणून राग गेला नाही. मी कितीतरी दिवस अण्णांशी बोलले नाही. त्यांनीही तो विषय कधी काढला नाही, शेवटपर्यंत नाही. दिलीप तेव्हा लहान होता. मोठ्यांनी जे सांगितलं ते त्यानं आपलंसं केलं, आणि मला वाटतं आता त्याला ते खरंच आठवतं.

आजही माझ्या दुकानात लोक येतात आणि विचारतात, साहेब नाहीत का. मी म्हणते, बसा, साहेब येतात, आणि समोरची गाडी घेऊन ब्रेक दाबते. गुडघ्यांची दुखणी वाढली तशा दोन पायडलच्या गाड्या घरोघरी आल्या. पोरं मोबाईलवर बघून येतात आणि मला स्टॉल स्पीड समजावून सांगतात. मी ऐकून घेते. भाव मात्र उतरवत नाही.

दिलीपला एक गोष्ट ठाऊक नाही. बाकावर तो आमच्या शेजारीच होता, पण त्याला नुसतं कापड दिसत होतं. भाव ठरल्यावर दलाल हात सोडतो, लगेच सोडतो, ती रीतच आहे. अण्णांनी सोडला नाही. ड्रायव्हरची स्कूटर स्टँडच्या कोपऱ्यावर दिसेपर्यंत उपरण्याखाली त्यांनी माझा हात घट्ट धरून ठेवला होता, आणि त्या धरण्यात कुठलाही आकडा नव्हता. दिलीपनं पेढा गिळून विचारलं, “अण्णा, काय ठरलं?”

“ठरलं,” ते म्हणाले, आणि रस्त्याकडं बघत राहिले.